राखणदारांचे राखणदार

आईची बोटे आमवाताने रोज सकाळी ताठरतात. ‘गार पाण्यात हात घालतेस म्हणून,’ असे घरचे म्हणत. मी कलाशाखेची; तरीही कारण शोधू लागले. हा स्वयंप्रतिकार रोग आहे. यात शरीराच्या संरक्षक पेशीच स्वतःच्या सांध्यांवर उलटतात.

त्यांना आवरणाऱ्या नियामक टी-पेशी १९९५ साली जपानच्या शिमोन साकागुची यांनी दाखवून दिल्या. पण या राखणदारांना कामावर कोण ठेवते?

आपल्या जनुकसंचाचा जेमतेम २ टक्के भाग प्रथिनांची कृती सांगतो. उरलेल्या भागातून निघणाऱ्या अनेक आरएनएंपासून प्रथिन बनतच नाही. त्यांपैकी सुमारे २२ अक्षरांचे सूक्ष्म-आरएनए संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिननिर्मिती रोखतात. ते घडविणारे ‘डायसर’ हे विकर उंदरांच्या नियामक पेशींतून काढून टाकल्याचे प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाले. त्या पेशी निकामी झाल्या आणि उंदीर स्वयंप्रतिकार रोगाने मेले. निरुपयोगी वाटलेल्या या तुकड्यांवर केवढी भिस्त!

अर्थात हे उंदरांतले झाले. आमवातावर यातून औषध अद्याप आलेले नाही. आईला मी एवढेच सांगितले, ‘दोष तुझ्या गार पाण्याचा नाही.’