वेगांचा विवेक

इ. स. १६०१ च्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. बोहेमियाची राजधानी प्राग येथे एका सरदाराच्या घरी मेजवानी चालली होती. निमंत्रितांमध्ये टायको ब्राहे हा विख्यात डॅनिश ज्योतिर्विद होता. दुर्बिणीचा उपयोग सुरू होण्यापूर्वीच्या त्या काळात त्याने ग्रहताऱ्यांची स्थाने इतक्या अचूकपणे नोंदविली होती की, त्याच नोंदींच्या आधारे पुढे केप्लरने ग्रहगतीचे नियम शोधून काढले. भोजन लांबत गेले. टायकोला लघवीची भावना झाली. परंतु पंगतीतून मध्येच उठणे हा असभ्यपणा होय, असे मानून तो तसाच बसून राहिला. घरी परतल्यावर मात्र त्याला लघवी होईना. वेदनांनी तो तळमळू लागला, अंगात ताप भरला, शुद्ध हरपू लागली. आणि अकरा दिवसांनी, २४ ऑक्टोबर रोजी, तो मरण पावला. त्या वेळी त्याचा सहायक असलेल्या केप्लरनेच ही हकीकत लिहून ठेवली आहे.

टायकोवर विषप्रयोग झाला असावा, अशी शंका पुढे अनेकांनी घेतली. म्हणून २०१० मध्ये त्याची कबर उघडून अवशेष तपासण्यात आले. पण मृत्यू ओढवेल इतका पारा त्यांत आढळला नाही. त्याला मूत्रमार्गाचा एखादा विकार आधीपासूनच असावा, असे पुष्कळ जाणकारांना वाटते. कारण निरोगी माणूस एकदा लघवी रोखल्याने दगावत नाही. तेव्हा, मुलांनो, या कथेने घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि शरीराची हाक रोजच्या रोज दडपीत राहिल्यास काय होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. मोठ्या माणसाच्या शरीरात ती दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सारे पाणी रक्तात परत जाते आणि टाकाऊ द्रव्ये मिसळलेले एक-दोन लिटर तेवढे उरते. हेच मूत्र. ते दोन नलिकांतून थेंबाथेंबाने मूत्राशयात उतरते. मूत्राशय ही स्नायूंची लवचिक पिशवी होय. तुमच्या वयाच्या मुलामुलींच्या मूत्राशयात साधारणतः ४०० मिलिलिटर, म्हणजे दोन पेले, मूत्र मावते. पिशवी भरू लागली की तिच्या भिंतींवर ताण पडतो आणि मज्जातंतू मेंदूला तसा निरोप धाडतात. पिशवीच्या तोंडाशी स्नायूंची दोन कडी असतात. आतले कडे आपोआप मिटते व उघडते. बाहेरचे आपल्या इच्छेप्रमाणे चालते. या दुसऱ्या कड्याच्या बळावर आपण योग्य जागा मिळेपर्यंत थांबू शकतो. ही सोय निसर्गाने थोड्या वेळापुरती दिली आहे. तिचा रोज तासन्‌तास उपयोग करू लागल्यास तीच अपायास कारण होते.

हा अपाय कसा होतो, ते पाहा. मूत्रमार्गाच्या तोंडाशी सूक्ष्म जंतू असतातच. त्यांतील काही आत शिरले, तरी वाहती लघवी त्यांना धुऊन बाहेर टाकते. लघवी अडवून धरली की जंतूंना आत वाढण्यास अवसर मिळतो. मग लघवीच्या वेळी जळजळ होते, पुनःपुन्हा जावेसे वाटते, ओटीपोट दुखते. जंतू वर मूत्रपिंडांपर्यंत पोहोचले तर थंडी वाजून ताप येतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे त्यांना हा त्रास अधिक होतो. शिवाय, सदैव ताणलेला मूत्राशय हळूहळू शिथिल होतो. तो पुरता रिकामा होत नाही, त्याचे निरोपही मंदावतात आणि कधी नकळत कपडे ओले होतात. हा त्या मुलाचा आळस नव्हे. तो एक विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

प्रागची ती मेजवानी आपल्यापासून फार दूर आहे. परंतु टायकोला वाटला तो संकोच आपल्या वर्गातही येऊन बसतो. मी अनेक वर्षे शिक्षक होतो. वर झालेली करंगळी पाहून, “आत्ताच तर मधली सुट्टी झाली, बस खाली!” असे मी कितीदा तरी म्हटले असेल. ते मूल मुकाट्याने खाली बसे; पण त्यानंतर त्याचे लक्ष फळ्यावर नसे. वर्गाची शिस्त राखली, याचे मला तेव्हा समाधान वाटे. आज मात्र त्या आठवणीने मन खजील होते. आणखीही एक गोष्ट मला फार उशिरा कळली. शौचगृह अस्वच्छ असते, दाराला कडी नसते, म्हणून कित्येक मुली सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. पाणी कमी पडले की लघवी गडद पिवळी होते, डोके दुखते, थकवा येतो आणि मुतखड्याचा धोकाही वाढतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत मुलांसाठी व मुलींसाठी वेगवेगळी शौचगृहे आणि पिण्याचे शुद्ध पाणी असलेच पाहिजे. ते मागणे हा उद्धटपणा नव्हे. आणि वापरल्यानंतर शौचगृह पाणी टाकून स्वच्छ ठेवणे हे आपलेही कर्तव्य आहे.

म्हणून दर दोन-तीन तासांनी लघवीस जावे. घाई न करता मूत्राशय पुरता रिकामा करावा. दिवसभर पुरेसे पाणी प्यावे. जळजळ, ताप किंवा लघवीत रक्त दिसल्यास न लाजता आईला, वडिलांना अथवा शिक्षकांना सांगावे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एका अध्यायाचे नावच ‘न वेगान्धारणीय’ असे आहे. मूत्र, शिंक, तहान, भूक, झोप असे शरीराचे तेरा वेग रोखू नयेत, असे तेथे सांगितले आहे. परंतु आचार्य तेवढ्यावरच थांबत नाहीत. लोभ, क्रोध, मत्सर हे मनाचे वेग मात्र अवश्य आवरावेत, असेही ते बजावतात. आपण बहुधा याच्या नेमके उलट करतो. राग आला की तो तत्काळ मोकळा सोडतो आणि शरीराची साधी हाक लाजेपोटी दाबून ठेवतो. कोणता वेग आवरावा आणि कोणता आवरू नये, हे ज्याला उमगले, त्याने आरोग्याचा व सभ्यतेचाही पहिला धडा गिरविला.

स्वाध्याय
१. मेजवानीत टायको ब्राहे जागेवरून का उठला नाही?
२. लघवी वारंवार रोखून धरल्याने कोणकोणते अपाय होतात?
३. ‘शरीराचे वेग’ आणि ‘मनाचे वेग’ यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
४. शाळेतील शौचगृहाच्या दुरुस्तीसाठी मुख्याध्यापकांना विनंतीपत्र लिहा.