सर्व्हर निवांत, ग्राहक ताटकळत

प्रश्न सोलापूरच्या सात रस्त्यावरचा. टॉवेल-चादरींच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंगची वेब सर्व्हिस चालवणाऱ्या वाचकाची तक्रार अशी, की महिनाअखेरीस सगळे एकदम बिलं काढतात. सीपीयू जेमतेम चालतो, स्क्रीनवरचं चक्र मात्र फिरतच राहतं. सगळीकडे असिंक-अवेट घातलं तर सुटेल का?

अर्धवट सुटेल.

1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर उलाढाल असलेल्यांना बी-टू-बी बिल जीएसटीच्या ई-इनव्हॉइस पोर्टलवर नोंदवून आयआरएन, म्हणजे बिलाचा संदर्भ क्रमांक, घ्यावा लागतो. पोर्टलचं उत्तर येईतो थ्रेड हातावर हात ठेवून बसतो. 2012 साली सी-शार्पमध्ये आलेलं अवेट तो मोकळा करून दुसऱ्या ग्राहकाकडे वळवतं. पण मध्येच कुठे जुनं ‘.रिझल्ट’ राहिलं, की तो पुन्हा अडकलाच. आधी तेच शोधावं.

पोर्टलचा वेळ मात्र याने तसूभरही घटत नाही. म्हणून बिल रांगेत टाकून ग्राहकाला लगेच 202 हा प्रतिसाद द्यावा, आयआरएन मागाहून दाखवावा. उत्तर वाटेत हरवलं आणि तेच बिल पुन्हा गेलं, तर पोर्टल ते डुप्लिकेट म्हणून नाकारतं. अशा वेळी नवा बिल नंबर देण्याचा आचरटपणा करू नये; आधी मिळालेला आयआरएन मागवून घ्यावा.