कपालभाती किती, यापेक्षा श्वास कसा

‘डॉक्टर, रोज सकाळी पाचशे कपालभाती मारतो, तरी बीपी काही उतरत नाही.’ ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. आकडा बदलतो, सूर तोच. व्यायामशाळेतल्या जोर-बैठकांसारखा श्वासाचा हिशेब ठेवायची ही सवय कुठून आली कोण जाणे, पण त्यात प्राणायामाचा खरा फायदा हातचा जातो.

मुळात कपालभाती हा प्राणायाम नव्हे. हठयोगप्रदीपिकेत ती धौती, बस्ती, नेती यांच्या पंगतीला, म्हणजे शुद्धिक्रियांत बसते. त्याच ग्रंथात प्राणायाम म्हणून जे आठ कुंभक दिले आहेत, त्यांत सूर्यभेदन, उज्जायी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी वगैरे आहेत, कपालभाती नाही. शिवाय चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळ्यांचे दुखणे मागे लागते, असा इशाराही तिथे आहे. दवाखान्याच्या भिंतीवर लावावा असा!

दुसरा गैरसमज ऑक्सिजनचा. कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर काढा आणि बोटाला लावा. फुप्फुसे निरोगी असतील तर आकडा साधारण ९५ ते १००च्या दरम्यान दिसेल. रक्त जवळजवळ भरलेलेच असते, मग त्यात आणखी काय भरणार? भराभरा श्वास घेतला की उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरते आणि ओठ-बोटांना मुंग्या येतात. अनेकांना ती ‘शक्ती जागी झाल्याची’ खूण वाटते. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून योगाला प्रयोगशाळेत नेणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीही प्राणायामाचे मोल जादा ऑक्सिजनमध्ये नाही, असेच मांडले होते.

मग फायदा कशाचा? संथपणाचा. आपण मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. एका श्वासात सुमारे ५०० मिलिलीटर हवा आत येते, पण त्यातली दीडशेएक मिलिलीटर नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते, वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. उथळ श्वास जितके जास्त, तितकी ही फुकटची ये-जा जास्त. श्वास संथ आणि खोल झाला की कमी श्वासांत तेवढेच काम होते.

याहून मोठी गंमत हृदयात आहे. स्वस्थ बसून मनगटावरची नाडी धरा आणि हळूहळू श्वास सोडा. ठोके किंचित लांबलेले लागतील, पुन्हा श्वास घेताना जवळ येतील. तरुणांत हे सहज कळते, वय झाले की कमी. हृदयाला लगाम घालणारा व्हेगस मज्जातंतू श्वास सोडताना जास्त काम करतो. श्वास मिनिटाला सहावर आला की मानेतल्या आणि महाधमनीतल्या रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेचा ताल त्याच्याशी जुळतो. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका अभ्यासात रोझरीची प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हणताना लोकांचा श्वास आपोआप याच गतीवर आल्याचे दिसले होते. जपमाळ ओढणाऱ्या आजीला हे सांगायला नको!

तेव्हा करायचे ते एवढेच. पद्मासनाचा हट्ट नको, खुर्ची चालेल. जेवून तीनेक तास झालेले असावेत. एक हात पोटावर ठेवा, श्वास घेताना पोट पुढे यायला हवे. चार आकड्यांत पूरक म्हणजे श्वास घेणे, सहा आकड्यांत रेचक म्हणजे सोडणे. सुरुवातीला पाच मिनिटे, मग दहा. दम कोंडल्यासारखा वाटला तर आकडे कमी करा. हे जमले की अनुलोम-विलोम: उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी मिटून डावीने घ्या, अनामिकेने डावी मिटून उजवीने सोडा, मग उजवीनेच घेऊन डावीने सोडा. नाक वाकडे होईल इतके दाबायची गरज नसते. सर्दीने नाक चोंदले असेल त्या दिवशी नाकाशी झटापट नको, साधा संथ श्वास घ्या. भ्रामरी मला स्वतःला विशेष आवडते. गुणगुणताना रेचक आपसूक लांबतो आणि सायनसमधला नायट्रिक ऑक्साइड नाकात कितीतरी जास्त येतो, हे मोजून पाहिलेले आहे.

बीपी, हृदयविकार, गरोदरपण असेल तर श्वास रोखून धरू नका. हर्निया, काचबिंदू, फिट्स किंवा नुकतेच पोटाचे ऑपरेशन झालेले असेल तर कपालभाती आणि भस्त्रिका नकोतच. संथ श्वसनाने रक्तदाब थोडा उतरतो, पण गोळी सुटेल इतका उतरेल असे धरून चालू नका. गोळी कमी करायची की नाही, ते घरी आठवडाभर मोजलेल्या आकड्यांची वही पाहून ठरवू. दम्याच्या रुग्णांना श्वसनाच्या व्यायामाने बरे वाटते, पण नळ्यांची सूज त्याने जात नाही. पंप चालूच ठेवा.

आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, अचानक धाप, यांतले काही झाले तर ‘जरा अनुलोम-विलोम करून बघतो’ म्हणत बसू नका. १०८ला फोन लावा.