उत्तर हंगामातील हिमाची प्रतीक्षा : इच्छा, अंदाज आणि पुरावा

मार्च महिना उजाडला की ब्रिटनमध्ये वसंताचे वेध लागतात. दिवस मोठा होऊ लागतो, डॅफोडिलची पिवळी फुले उमलतात आणि सामान्य नागरिक जाडजूड कोट कपाटात ठेवण्याचा विचार करू लागतो. नेमक्या याच वेळी तेथील एक वर्ग मात्र हवामानाचे नकाशे उघडून बसलेला असतो. ऋतू संपण्यापूर्वी थंडीची आणखी एखादी लाट येईल काय, तिच्याबरोबर हिम पडेल काय, याची तो आतुरतेने वाट पाहत असतो. हे बहुधा पेशाने शास्त्रज्ञ नसतात. शिक्षक, कारकून, शेतकरी, निवृत्त कामगार अशी ही हौशी मंडळी असतात. त्यांना आपण हवामानप्रेमी म्हणू.

या प्रतीक्षेचा अभ्यास आम्हाला करावासा वाटला, त्यास कारण आहे. आपल्याला जे हवे आहे ते आणि पुरावा जे सांगतो ते, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हे कोणत्याही अभ्यासकापुढचे सर्वात अवघड काम असते. इतिहासाच्या अध्यापनात आम्हाला त्याचा अनुभव नित्य येतो. हवामानप्रेमींची परीक्षा तर दर आठवड्याला होते, आणि निकालही लगेच हाती येतो.

हिम म्हणजे काय, आणि ते मार्चमध्ये का?

आपल्याकडे थंडीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी येते. ते हिम नव्हे. ते जमिनीलगत गोठलेले दव होय. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील पिके झोडपून काढणारी गारपीट हीसुद्धा हिमवृष्टी नव्हती. गार गडगडाटी ढगातील जोरदार ऊर्ध्व प्रवाहात तयार होते. हिमाचे स्फटिक मात्र ढगातील बाष्पापासून हळूहळू वाढतात आणि जमिनीपर्यंतची हवा पुरेशी थंड असेल तरच न वितळता खाली पोहोचतात. वाटेत थोडी उबदार हवा लागली की त्यांचे पाणी होते. म्हणून एका गावात पाऊस आणि शेजारच्या टेकडीवर हिम, असे दृश्य ब्रिटनमध्ये नेहमीचे आहे.

तेथे नाताळपेक्षा ईस्टरच्या सुमारास हिम पडण्याची शक्यता अधिक असते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. सरासरी पाहता डिसेंबरपेक्षा मार्चमध्ये हिम पडण्याचे दिवस किंचित जास्त भरतात. याचे मुख्य कारण समुद्र. पाणी सावकाश तापते आणि सावकाशच निवते. त्यामुळे ब्रिटनभोवतीचा समुद्र सर्वाधिक थंड होतो तो डिसेंबरमध्ये नव्हे, तर फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चमध्ये. आर्क्टिक प्रदेशातील थंडीचा साठाही तोवर कायम असतो.

क्वचित हे उत्तर हंगामी हिम फारच उशिरा येते. २ जून १९७५ रोजी बक्स्टन येथे डर्बिशायर आणि लँकेशायर यांच्यातील क्रिकेट सामना हिमामुळे थांबवावा लागला. शनिवारी लँकेशायरने ५ बाद ४७७ धावा केल्या होत्या, त्यांत क्लाइव्ह लॉइड यांच्या नाबाद १६७ होत्या. सोमवारी मैदान पांढरे झाले. मंगळवारी ओल्या खेळपट्टीवर डर्बिशायरचे डाव ४२ आणि ८७ धावांत आटोपले. अशा घटना स्मरणात राहतात आणि पुढील कित्येक वर्षांची आशा जिवंत ठेवतात.

हौशी निरीक्षकांची परंपरा

या छंदाला निव्वळ करमणूक समजणे अन्यायाचे होईल. मध्य इंग्लंडच्या मासिक सरासरी तापमानाची नोंद १६५९ पासून उपलब्ध आहे. उपकरणांनी मोजलेल्या तापमानाची जगातील ही सर्वात दीर्घ सलग मालिका होय. ती भूगोलाचे अभ्यासक गॉर्डन मॅनली यांनी विसाव्या शतकात जुळवली, आणि तिच्यातील जुन्या नोंदींचा मोठा भाग खासगी व्यक्तींच्या रोजनिश्यांतून मिळाला. जॉर्ज सायमन्स यांनी १८६० पासून पर्जन्यमापकांचे एक जाळे उभारले. १९०० साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यात तीन हजारांहून अधिक निरीक्षक सहभागी होते. रोज ठरावीक वेळी उठून मोजमाप घ्यायचे आणि जसे आहे तसे लिहायचे, एवढेच त्यांचे काम. शासनाच्या दप्तराबाहेर सामान्य माणसांनी जपलेला हा इतिहास आहे.

याच काळात रॉबर्ट फिट्झरॉय यांनी ब्रिटिश हवामान विभागाची धुरा वाहिली. १ ऑगस्ट १८६१ रोजी त्यांचा सर्वसाधारण हवामानाविषयीचा पहिला अंदाज 'द टाइम्स' या वृत्तपत्रात छापून आला. आपल्या निष्कर्षासाठी त्यांनी इंग्रजीत 'फोरकास्ट' हा शब्द जाणीवपूर्वक रूढ केला. भविष्यवाणी आणि अंदाज यांत त्यांना भेद करायचा होता. भविष्यवाणीला पुरावा लागत नाही आणि ती खोटी ठरली तर कोणी जाब विचारत नाही. अंदाज निरीक्षणांवर आणि आकडेमोडीवर उभा असतो, म्हणूनच तो चुकला की चुकला असे म्हणता येते. हा भेद आपल्या पालकांनी मुलांना अवश्य समजावून सांगावा.

अंदाज बांधतात कसा

आजचा हवामानप्रेमी प्रथम पाहतो ते सुमारे दीड हजार मीटर उंचीवरील, म्हणजे ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरील तापमान. ते उणे ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असेल तर हिमाची आशा धरावी, असा एक ढोबळ नियम आहे. पण तेवढ्याने भागत नाही. हवा कोरडी आहे की दमट, वारा समुद्रावरून येतो की भूखंडावरून, ढग पुरेसे आहेत काय, हेही पाहावे लागते. थंडी असून ढग नसले तर मिळते केवळ निरभ्र, बोचरी रात्र.

पुढचे पाऊल म्हणजे संगणकीय मॉडेल. वातावरणाची आजची स्थिती मोजताना राहिलेली अगदी छोटी त्रुटी काही दिवसांत मोठी होते, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ साली दाखवून दिले. म्हणून युरोपीय मध्यमपल्ला हवामान केंद्र एकच उत्तर देत नाही. प्रारंभीच्या स्थितीत किंचित फरक करून गणित पुन्हा पुन्हा केले जाते आणि ५१ उत्तरांचा संच तयार होतो. त्यांपैकी ४० उत्तरांत थंडी असेल तर विश्वास वाढतो. पाचांत असेल तर ती केवळ एक शक्यता राहते.

मोह शिरतो तो येथेच. हिमाची आस लागलेला माणूस ५१ नकाशांतून नेमका तोच नकाशा उचलतो, ज्यात त्याचे गाव पांढरे दिसते. उरलेल्या पन्नासांकडे त्याची नजर जात नाही. इतिहासाच्या क्षेत्रातही आपल्या मताला पोषक असा एकच कागद उचलून बाकीचे दप्तर बंद करणारे लोक असतात. दोघांची चूक एकाच जातीची आहे.

दोन वर्षांची साक्ष

ध्रुवाभोवती हिवाळ्यात जमिनीपासून दहा-पन्नास किलोमीटर उंचीवर, म्हणजे स्थितांबरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांचा एक प्रचंड भोवरा फिरत असतो. कधी कधी खालून वर जाणाऱ्या मोठ्या लहरी तो मोडतात. मग तेथील तापमान काही दिवसांत ५० अंशांपर्यंतही चढू शकते आणि वारे उलटे वाहू लागतात. ही घटना रिचर्ड शेरहाग यांनी १९५२ साली बर्लिन येथे प्रथम टिपली. तिचा परिणाम पुढील काही आठवड्यांत खाली उतरला, तर ब्रिटनला ऊब देणारे पश्चिमी वारे मंदावतात आणि पूर्वेकडील भूखंडाची थंड हवा आत शिरते.

१२ फेब्रुवारी २०१८ च्या सुमारास असेच झाले. हवामानप्रेमी सावध झाले, आणि त्यांची प्रतीक्षा फळाला आली. फेब्रुवारीच्या अखेरीस सायबेरियाकडून थंडीची लाट आली. मध्य स्कॉटलंडसाठी, नंतर दक्षिण वेल्स आणि नैर्ऋत्य इंग्लंडसाठी सर्वोच्च दर्जाचा लाल इशारा जारी झाला. एम-८० महामार्गावर शेकडो वाहने रात्रभर अडकून पडली. १ मार्च हा हवामानशास्त्राच्या गणनेतील वसंताचा पहिला दिवस. त्या दिवशी अनेक ठिकाणी पारा दिवसभर शून्याच्या वर गेला नाही. १७ आणि १८ मार्चला थंडीने दुसऱ्यांदा धडक मारली.

जानेवारी २०१९ च्या प्रारंभी ध्रुवीय भोवरा पुन्हा मोडला. गतवर्षीची आठवण ताजी होती, त्यामुळे आशाही तितकीच प्रबळ होती. पण झाले उलटेच. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी लंडनच्या क्यू उद्यानात २१.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि तो ब्रिटनमधील हिवाळी दिवसाचा विक्रम ठरला. बरोबर एका वर्षापूर्वी त्याच सुमारास देश गारठत होता.

कारण एकच असूनही निष्पत्ती भिन्न का झाली? कारण भोवरा मोडणे ही थंडीची हमी नव्हे. त्याने शक्यता वाढते, एवढेच. मागच्या वेळी झाले म्हणून या वेळीही होईल, असे मानणारा स्मरणावर विसंबतो, पुराव्यावर नव्हे.

हिम कोणासाठी?

येथे आणखी एक प्रश्न विचारल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. हिमाची वाट पाहणारा बहुधा उबदार खोलीत खिडकीपाशी उभा असतो. ज्याला खिडकीच नाही त्याचे काय?

मार्च २०१३ हा ब्रिटनमधील १९६२ नंतरचा सर्वात थंड मार्च ठरला. २२ ते २४ मार्चच्या हिमवादळात उत्तर आयर्लंड, वेल्स, कंब्रिया आणि आइल ऑफ मॅन येथील मेंढपाळांवर आपत्ती ओढवली. तो कोकरे जन्मण्याचा हंगाम होता. माद्या आणि नवजात कोकरे हिमाच्या ढिगाऱ्यांखाली गाडली गेली. उत्तर आयर्लंडमधील डोंगराळ भागांत जनावरांसाठी हेलिकॉप्टरमधून चारा टाकावा लागला. त्याच हिमाची छायाचित्रे पाहून अन्यत्र कोणीतरी आनंदला असेल.

शहरातील बेघरांसाठी इंग्लंडमध्ये कडाक्याच्या थंडीच्या काळात तातडीचे निवारे उघडण्याची पद्धत आहे. हलाखीतील कुटुंबांना सरासरी तापमान सलग सात दिवस शून्य किंवा त्याखाली राहिल्यास, अथवा तसा अंदाज असल्यास, २५ पौंडांचे साहाय्य मिळते. म्हणजे अंदाजाचा एक आकडा कोणाला रात्री छप्पर मिळेल, कोणाच्या घरी शेगडी पेटेल, हे ठरवू शकतो. म्हणून अंदाज सचोटीने बांधणे ही केवळ बुद्धीची नव्हे, नीतीचीही बाब ठरते. संकट फुगवून सांगितले तर पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही. लपवले तर ज्याच्यापाशी काहीच नाही तो आधी मरतो.

भारताशी असलेले नाते

ब्रिटनचा हिवाळा सौम्य जाणार की कडक, हे बऱ्याच अंशी आइसलँडजवळचा कमी दाब आणि अझोर्स बेटांजवळचा जास्त दाब यांच्यातील फरकावर ठरते. फरक घटला की पश्चिमी वारे दुबळे होतात. या दोलनाला 'उत्तर अटलांटिक दोलन' हे नाव गिल्बर्ट वॉकर यांनी दिले. ते १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते आणि त्यांचा मूळ प्रश्न होता भारतातील मान्सूनचा. जगभरच्या नोंदींतून परस्परसंबंध शोधण्यासाठी लागणारी अफाट आकडेमोड भारतीय कारकुनांनी हाताने केली. त्यांची नावे पाठ्यपुस्तकांत येत नाहीत. लंडनमधील हवामानप्रेमी आज ज्या दोलनाचा आलेख पाहतो, त्याच्या पायाशी त्या अनाम माणसांची मेहनत आहे.

त्याआधीही उत्तर हंगामी हिमाचा विचार भारतात झाला होता, पण हौसेपोटी नव्हे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन होरपळून निघाले होते. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली हिमालयातील हिम आणि पुढील मान्सून यांचा संबंध मांडला. हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात हिम अधिक पडले तर पाऊस कमी होण्याचा संभव असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे हा संबंध एकट्याने पुरेसा नाही असे दिसून आले. तरी मान्सूनच्या दीर्घ मुदतीच्या अंदाजाची सुरुवात त्यातूनच झाली.

विद्यार्थ्यांसाठी एक स्वाध्याय

आपला अंदाज किती खरा ठरतो हे मोजण्याची एक सोपी रीत ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली सांगितली. समजा, आपण पावसाची शक्यता ७० टक्के, म्हणजे ०.७ म्हटली. पाऊस आला तर निकाल १, न आला तर ०. निकाल आणि अंदाज यांतील फरकाचा वर्ग करावा. पाऊस आला तर ०.०९ आणि न आला तर ०.४९ अशी चूक निघते. जो नेहमीच ५० टक्के म्हणतो, त्याची चूक कायम ०.२५ राहते. अनेक दिवसांची सरासरी जितकी कमी, तितका अंदाज चांगला. ७० टक्के म्हटल्यावर एखाद्या दिवशी पाऊस आला नाही म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. असे दहा दिवस घेतले तर साधारण तीन दिवस कोरडे जायलाच हवेत.

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांसह येत्या जून ते सप्टेंबर या काळात एक वही घालावी, असे आम्ही सुचवतो. पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात आज आपली इच्छा काय आहे ते लिहावे. दुसऱ्यात आकाश, वारा आणि हवामान खात्याचे निवेदन पाहून केलेला अंदाज टक्केवारीत लिहावा. तिसऱ्यात दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष काय घडले ते लिहावे. लिहिलेले खोडू नये. हंगामाच्या अखेरीस पहिला आणि दुसरा रकाना शेजारी ठेवून पाहावेत. जेथे इच्छा बदलताच अंदाजही बदललेला दिसेल, त्या तारखांवर खूण करावी आणि त्या दिवशी दुर्लक्षित राहिलेला पुरावा कोणता होता, याची घरात चर्चा करावी.