पितिल्यानो : इटलीचे ‘छोटे यरुशलेम’



इटलीच्या सफरीला जाणारे आपले बरेच लोक रोम व फ्लॉरेन्स पाहून परततात. या दोन शहरांच्या दरम्यान, टस्कनीच्या दक्षिण टोकाला, पितिल्यानो नावाचे तटबंदीचे गाव आहे. ‘तुफा’ नावाच्या मऊ ज्वालामुखी दगडाच्या कड्यावर ते वसले आहे. दुरून पाहताना कडा कोठे संपतो व घराची भिंत कोठे सुरू होते हेच कळत नाही. गावाभोवती प्राचीन एट्रस्कन लोकांच्या थडग्या आणि खडकात खोल खोदलेल्या वाटा आहेत. गावात ओर्सिनी सरदारांचा वाडा व मेदिची काळातील कमानींचा पाणीपूल पाहण्यासारखा आहे.

मात्र आपल्याला हे गाव जवळचे वाटावे याचे कारण निराळे आहे. १५५५ साली पोप चौथे पॉल यांनी आपल्या राज्यातील यहुद्यांवर कडक निर्बंध घातले. १५६९ साली पोप पाचवे पायस यांनी रोम व अँकोना सोडून अन्य गावांतून त्यांना हाकलून दिले. पितिल्यानो पोपच्या सरहद्दीलगत, पण हद्दीबाहेर होते. तेथील ओर्सिनी सरदारांनी या निर्वासितांना आसरा दिला. १५९८ साली गावात सिनेगॉग उभे राहिले. पुढे मेदिची घराण्याचा अंमल आला आणि १६२२ मध्ये यहुद्यांना घेट्टोत कोंडण्यात आले. अधिकारी काठ्यांनी दारे ठोठावून लोकांना घराबाहेर काढीत, असे परंपरा सांगते. त्या काठीच्या आकाराची, मध व अक्रोड भरलेली मिठाई तेथे करतात. तिचे नाव ‘स्फ्रात्तो’, म्हणजे घरातून हकालपट्टी! आपण रोश हाशानाला चिकाचा हलवा करतो, तसे तेथील यहुदी नव्या वर्षाला स्फ्रात्तो खात. कडू आठवण त्यांनी गोड करून जपली.

१८५० च्या सुमारास गावात दहांत एक माणूस यहुदी होता. मग ही वस्ती ओसरली कशी? छळाने नव्हे. एकोणिसाव्या शतकात इटली एक झाली, समान हक्क मिळाले आणि तरुण मंडळी शिक्षण व व्यापारासाठी मोठ्या शहरांत गेली. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी उरलेल्यांवर घाला घातला. १९४३-४४ मध्ये आसपासच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी जिवावर उदार होऊन कित्येक कुटुंबांना शेतघरांत व गुहांत लपविले. त्यांपैकी काहींचा याद वाशेमने गौरव केला आहे.

१९६० च्या दशकात सिनेगॉगचा काही भाग कोसळला. दुरुस्ती होऊन १९९५ साली ते पुन्हा उघडले. त्याच्याखाली खडकात कोरलेले मिकवे, मात्सा भाजण्याची भट्टी व द्राक्षारसाचे तळघर आजही पाहावयास मिळते. गावात आता मिन्यान पुरे होईल इतके यहुदी नाहीत. तरीही १९९६ साली स्थापन झालेल्या ‘छोटे यरुशलेम’ या संस्थेने ही स्मृती जागती ठेवली आहे.

बंधुभगिनींनो, आपणही कोकण सोडले ते कोणी हाकलले म्हणून नव्हे. रेवदंडा, अलिबाग येथील आपली सिनेगॉग उभी आहेत, पण गावात घरे थोडीच उरली. गेलेल्यांनी मागे ठेवलेल्या वास्तूची काळजी कोणी घ्यावी? पितिल्यानोने या प्रश्नाला आपले उत्तर दिले आहे. आपले उत्तर आपणच द्यावयाचे आहे.