झोक्याआधी झोक्याखालची जमीन पाहा

सुट्ट्या जवळ आल्या की खेळाच्या जागांविषयी पत्रे वाढतात. या वेळी त्यांतली पाच निवडली आहेत. एक बालरोगतज्ज्ञ म्हणून मला जे सांगता येते, ते सांगतो.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी आम्ही डोंबिवली सोडून ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर राहायला आलो. मुलगी चार वर्षांची आहे. सोसायटीत दोन झोके आणि एक घसरगुंडी, ती खेळणीही मोठी मुलं अडवून बसतात. जवळ धड मैदान कुठे आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. पोर दिवसभर मोबाइलला चिकटलेली असते. तिची वाढ खुंटेल का हो?

उत्तर : सहा महिने मैदान मिळाले नाही म्हणून उंची खुंटत नाही, ती काळजी सोडा. हालचाल मात्र हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे हालचाल व्हावी आणि त्यातली 60 मिनिटे धाप लागेल अशी असावी. हे एका दमात व्हायला नको. सकाळी जिन्यात, दुपारी घरात, संध्याकाळी बाहेर, असे तुकड्यातुकड्यांनी चालते.

जागा शोधायला महापालिकेचा विकास आराखडा (शहरातली कोणती जमीन कशासाठी राखली आहे, ते दाखवणारा नकाशा) पाहा. त्यात खेळाच्या मैदानांची आणि उद्यानांची आरक्षणे दिसतात. आरक्षण आहे म्हणजे मैदान तयार आहेच असे नाही, म्हणून प्रभाग कार्यालयात उद्यान विभागाकडे विचारा. शिवाय दोन-तीन दिवस संध्याकाळी सहाच्या सुमारास मुलीचा हात धरून आसपासच्या गल्ल्यांतून पायी फिरा. नातवंडांना घेऊन निघालेले आजी-आजोबा कुठे वळतात, ते पाहा. रविवारी गाडी काढून गाठायच्या चकचकीत बागेपेक्षा रोज दहा मिनिटे चालत जाता येईल असे साधे मैदान तिच्या जास्त उपयोगाचे आहे.

प्रश्न : माझा नातू दीड वर्षाचा आहे. तो एकटा घाबरतो म्हणून मी त्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून खाली येतो. परवा बागेत एक बाई म्हणाल्या, "आजोबा, असं करू नका, पाय मोडतो." तेव्हापासून झोप नाही. मी नातवाला इजा करत होतो का? (मुलुंड)

उत्तर : आजोबा, तुम्ही हे मायेने केलेत, त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. पण त्या बाईंचे म्हणणे खरे आहे. मुलाच्या बुटाचा रबरी तळवा घसरगुंडीच्या कडेला चिकटतो आणि पाऊल तिथेच अडते. वर बसलेल्या मोठ्या माणसाचे वजन मात्र थांबत नाही, ते दोघांनाही खाली नेते. मधे तो छोटा पाय पिळला जातो आणि टिबिया (नडगीचे मोठे हाड) तडकू शकते. मूल एकटे असते, तर त्याच्या स्वतःच्या हलक्या वजनाने बहुधा एवढा पीळ पडला नसता.

यापुढे त्याला बुटकी घसरगुंडी द्या, एकट्याला बसवा आणि स्वतः शेजारी उभे राहून आधार द्या. घसरगुंडीवरून आल्यावर मूल लंगडले किंवा पाय टेकेनासे झाले, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पहिल्या एक्स-रेत बारीक तडा कधी कधी दिसत नाही, त्यामुळे त्यांनी पुन्हा बोलावले तर नक्की जा.

प्रश्न : आमच्या मैदानात चार-पाच भटकी कुत्री असतात. वाळूतच झोपतात, तिथेच घाण करतात. मुलगा घरी आला की मी त्याचे हातपाय उलटसुलट करून बघते, कुठे ओरखडा तर नाही ना. मैदान बंदच करावं का? (कल्याण)

उत्तर : कुत्री आसपास असली म्हणून रोग होत नाही. खाणे हातात घेऊन मैदानात जायचे नाही, झोपलेल्या कुत्र्याला किंवा पिल्लांना हात लावायचा नाही आणि कुत्रे अंगावर आले तर पळायचे नाही, हे मुलाला शिकवा. घाण पडलेल्या वाळूत जंतांची अंडी असू शकतात, म्हणून ती वाळू टाळा आणि घरी येताच साबणाने हात धुऊ द्या.

कुत्रे चावले किंवा रक्त न येताही त्याचा ओरखडा उठला, तर मात्र वाट पाहू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीज (पिसाळ रोग) एकदा उफाळला की जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो, पण लस वेळेवर घेतल्यास तो टळतो. रक्त आले असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (जखमेत टोचायची तयार प्रतिकारद्रव्ये) लागते.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, तिला दमा आहे. मैदानात लाल माती उडते. खेळून आली की खोकत बसते. सासूबाई म्हणतात, खेळ बंद कर. काय करू? (पुणे)

उत्तर : सासूबाईंची काळजी समजते, पण दमा आटोक्यात असेल तर मुलीने खेळायलाच हवे. खेळल्यावर रोज खोकला येतो, याचा अर्थ दमा पुरेसा आटोक्यात नसावा. खेळ थांबवण्याऐवजी तिच्या डॉक्टरांना हे सांगा आणि औषध तपासून घ्या. स्वतःहून इनहेलर कमी-जास्त करू नका. हिरवळ असलेले किंवा पाणी शिंपडलेले मैदान निवडा. बोलता बोलता धाप लागली, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न : आमचा सहा वर्षांचा मुलगा लोंबकळायच्या दांडीवरून पडला आणि कोपरापाशी हाड मोडलं. आता प्लॅस्टर निघालं आहे. तो रोज खिडकीत उभा राहून खाली खेळणारी मुलं बघतो. बायको म्हणते, आता बाग नाही म्हणजे नाही. आम्हाला चांगली जागा ओळखता येत नाही, हेच खरं. (वाकड)

उत्तर : या वयात दांडीवरून पडल्यावर कोपराच्या लगेच वरचे हाड मोडणे, हे आम्ही नेहमी पाहतो. ते सहसा नीट जुळूनही येते. पुन्हा कधी लोंबकळू द्यायचे, हे अस्थिरोगतज्ज्ञांनीच ठरवावे. धावायला, चेंडू खेळायला केव्हापासून हरकत नाही, तेही त्याच भेटीत विचारा.

जागा पारखताना आधी जमीन पाहा, कारण बागेतल्या बहुतेक गंभीर दुखापती पडण्यानेच होतात. फरशी, सिमेंट किंवा धुमसलेली माती असेल, तर उंच खेळणी नकोत. वाळू असेल, तर आपली टाच तिच्यात रोवून पाहा. चार फूट उंचीच्या खेळण्याखाली साधारण नऊ इंच भुसभुशीत थर हवा. खेळण्याच्या चहूबाजूंनी सहा फूट जागा मोकळी हवी. कठड्यातल्या फटी साडेतीन ते नऊ इंचांच्या असतील, तर तिथे मुलाचे डोके अडकू शकते. दुपारी घसरगुंडीला आधी आपल्या हाताची पालथी बाजू लावून पाहा. गंजाची धास्ती नको, धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि दीड वर्ष, पाच-सहा वर्षे, दहा वर्षे आणि सोळा वर्षे या वयांतले डोस त्यासाठीच असतात.

पडल्यावर मूल बेशुद्ध झाले, वारंवार उलट्या झाल्या, पेंग आली, झटका आला किंवा नाका-कानातून पाणी वा रक्त आले, तर तडक रुग्णालयात न्या. पहिल्या दिवशी तुम्ही दोघेही त्याच्याबरोबर खाली जा. पत्नीला स्वतःच्या टाचेने वाळू तपासू द्या. जमीन पायाखाली दबते, हे त्यांनी स्वतः पाहिले, तर मुलाचा हात सोडणे त्यांना सोपे जाईल.