पुड्यांसकट डॉक्टरांकडे जा

हेदवी,
कार्तिक वद्य पंचमी

चि. मुक्तास आत्याचे अनेक आशीर्वाद.

साखरपुड्याचे फोटो वहिनीने मोबाइलवर पाठवले, ते वाडीत सगळ्यांना दाखवून झाले. जो तो म्हणतो, मुलीचे गाल कसे भरलेत, लग्नाचं तेज आलंय. मी गप्प राहिले. तुझे गाल असे कधीच नव्हते गं. त्यात परवा शृंगारतळीच्या बाजारात सुलूमावशी भेटली. तिच्याकडून कळलं, की तू डॉक्टरांची औषधं सोडलीस आणि कुठल्याशा वैद्यबुवांच्या पुड्या घेतेस. "आठ दिवसांत कोपरं साफ!" असं ती कौतुकाने सांगत होती. मला पुढचा बाजार सुचला नाही.

आधी रागावून घेते. साध्या छत्रीचंही बिल मागणारी मुलगी तू, आणि नाव नाही, कंपनी नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, अशी कागदात बांधलेली पूड पोटात घालतेस? जडीबुटी आहे म्हणाले असतील. मुक्ता, सोरायसिस आठ दिवसांत पुसून टाकणारी जडीबुटी कुठे असती, तर मी ती केव्हाच शोधून काढली असती. इतक्या झटपट निवळलं की शंका स्टिरॉइडची घ्यावी. अशा बिननावाच्या औषधांत ते कुटून घातलेलं सापडलंय, कधी पारा-शिसंही. स्टिरॉइड पोटात गेलं की कातडी निवळते, भूक सुटते, चेहरा गोल होतो, रक्तातली साखर चढते. म्हणून त्या फोटोने माझी झोप उडाली.

आणि आता नीट वाच. माझं पत्र वाचून घाबरून उद्या पुड्या केराच्या डब्यात टाकू नकोस. त्यात खरंच स्टिरॉइड असेल तर ते एकदम तोडणं घेण्याइतकंच वाईट. आजार दुपटीने उसळतो. कधी सगळं अंग लाल होऊन सालं निघतात, कधी पुवाचे बारीक फोड उठतात. पुड्यांसकट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, कधीपासून घेतेस आणि दिवसाला किती ते सांग. उतरवायचं कसं ते ते ठरवतील. मध्येच अंग लालबुंद झालं, ताप-थंडी भरली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठ. अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस.

हे घराण्यातलं आहे, तुला ठाऊक आहे. माझी कोपरं तू लहानपणी बोटाने चाचपायचीस. पण दादाची नखं कधी निरखलीस? प्रत्येक नखावर टाचणीने टोचल्यासारखे खळगे आहेत. त्याचं उजवं मधलं बोट सुजलं तेव्हा सगळ्यांनी वात म्हटलं आणि वर्षानुवर्षं तेल चोळलं. सोरायसिस सांधेही धरतो, हे चिपळूणच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत बोट वाकडं झालं ते झालंच. तुझी बोटं सकाळी आखडत असतील, टाच दुखत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. वहिनी म्हणते तसा दही-मासे एकत्र खाल्ल्याचा काही संबंध नाही. शरीराची राखण करणारी व्यवस्थाच आपल्या कातडीवर उठते. महिनाभरात वर यायची कातडी चार-पाच दिवसांत वर येते आणि तिथेच साचते, त्याच त्या रुपेरी खपल्या. घसा धरून ताप आला की उसळतो, मनाला घोर लागला की उसळतो, रक्तदाबाच्या नि मलेरियाच्या काही गोळ्यांनीही उसळतो. तुझा यात दोष कुठे आला?

घाई का केलीस ते मला कळतं. माघात लग्न, हळदीला सगळ्यांसमोर उघडे दंड, आखूड बाह्यांचं ब्लाउज. मी भर मे महिन्यात पुऱ्या बाह्या घालून शाळेत शिकवलंय, मला नको सांगूस. वेळणेश्वरचं एक स्थळ आलं होतं, दादा बोलला असेल कधी. माणूस पोस्टात होता, बोलायला मृदू. बघणं झाल्यावर सगळे बामणघळीवर फिरायला गेलो. भरती होती, घळीतून पाणी उसळलं आणि मी भिजले. ओली बाही कोपराला चिकटली, खपल्यांचा आकार वरून दिसायला लागला. तो काही बोलला नाही. कदाचित त्याने पाहिलंही नसेल. घरी येऊन मीच आईला नको म्हणून सांगितलं, कारण मात्र सांगितलं नाही. शाळा होती, मुलं होती, दिवस चांगले गेले. तरी अजून कधी तिकडून यष्टी येताना दिसली, की वाटतं, एकदा विचारायला हवं होतं.

म्हणून विचारते, अनिकेतला सांगितलंस का? मला वाटतं, या पुड्यांच्या मुळाशी तेच आहे. लग्नाआधी सांग. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने हा होत नाही. पुढे मुलांत येण्याची शक्यता थोडी असते, येतोच असं नाही. आमच्या वेळी गावात याला सर्रास महारोग म्हणत. खरं तर महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, आपला मेला खाजून जीव काढतो. युरोपातही १८४१ साली व्हिएन्नाच्या हेब्रा नावाच्या डॉक्टरने दोन्ही वेगळे काढून दाखवले, तोवर हाच घोळ होता. आता तर महारोगही गोळ्यांनी बरा होतो, आणि २०१९ साली तो घटस्फोटाच्या कारणांतूनही काढून टाकला. कायदा शहाणा झाला, आळीतल्या बायका कधी होतील देव जाणे!

डॉक्टरांना लग्नाची तारीख सांग, मूल कधी हवंय तेही लाज न बाळगता सांग. मी घेते ती मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही. अ‍ॅसिट्रेटिन तर बंद केल्यावरही तीन वर्षं दिवस जाऊ द्यायचे नसतात. आणि मेथोट्रेक्सेट कधी दिलीच, तर ती सोरायसिसला आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. मी रविवारी घेते आणि कालनिर्णयवर फुली मारते. तुझ्यासाठी प्रकाशोपचार चालेल का ते विचार. ३११ नॅनोमीटरच्या किरणांच्या पेटीत आठवड्यातून दोन-तीनदा उभं राहायचं असतं. मलमंही आहेत, पण जोरकस स्टिरॉइड मलम मनाने महिनोन्महिने फासू नकोस, कातडी पातळ होते. अगदीच हटेना तर इंजेक्शनं आहेत. बंगळुरूच्या बायोकॉनने २०१३ साली एक इथेच बाजारात आणलं, नंतर आणखी आली. ती महाग असतात, आणि आधी क्षयाची तपासणी करतात. मुळापासून कायमचा घालवतो म्हणणाऱ्याच्या दारात मात्र उभी राहू नकोस. आजार जातो, येतो. मधले चांगले दिवस लांबवत न्यायचे, एवढंच आपल्या हातात आहे.

चुडा भरताना कासाराला मोठ्या मापाच्या बांगड्या काढायला सांग. तो साबण लावून हात दाबून चढवतो, आणि आपल्याला जिथे खरचटतं तिथे दहा-पंधरा दिवसांत नवा चट्टा उठतो. हळद लावणाऱ्यांनाही चोळू नका म्हण. खपल्या नखाने काढत बसू नकोस, ही सवय तुला माझ्यासारखीच आहे. कोमट पाण्याने आंघोळ, आणि अंग ओलसर आहे तोवर खोबरेल. डबा पाठवतेय, आपल्याच नारळांचं आहे. सोबत टाचांना कोकमतेल आहे. याने बरं होत नाही, ताण कमी होतो आणि खाज निवते.

फार बोलले. वहिनीला हे पत्र दाखवू नकोस, ती रडत बसेल. डॉक्टरांची फी, तपासण्या, जे लागेल ते माझ्या पेन्शनमधून घे, दादाला विचारायचं कारण नाही. एकटीने जायला नको वाटत असेल तर कळव. मी गुहागरहून रात्रीची गाडी धरते, आपण दोघी जाऊ, माझेही हात दाखवून घेऊ. लग्नात चट्टे दिसले तर दिसू देत. मी यंदा आखूड बाह्यांचं ब्लाउज शिवायला टाकलंय, शेजारी शेजारी उभ्या राहू.

दोन दिवस माझ्यावर रागावून झालं की फोन कर. मी आधी जेवलीस का तेच विचारीन. पुड्यांचं नंतर विचारीन, पण विचारीनच.

तुझी,
आत्या